ॲस्परजिलसजन्य दीर्घकालीन फुप्फुसविकार : रक्तदर्शके

जुना दमा, बरा झालेला क्षय, श्वासनलिकाविस्फार, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा जुनाट विकार) अशा विकारांनी फुप्फुसांना आधीच इजा झालेली असताना त्यांत ॲस्परजिलस (संक्षेपाने ॲ.) वंशातील कवके म्हणजे बुरशी वस्ती करतात. त्यांत ॲ. फ्युमिगेटस ही जाती प्रमुख आहे. ही वस्ती ओळखण्यासाठी रक्तातील जे प्रतिपिंड (शरीराने कवकाविरुद्ध बनवलेली प्रथिने), प्रतिजन (कवकाचे घटक) व पेशी मोजल्या जातात त्यांना येथे रक्तदर्शके म्हटले आहे. या कवकाचे बीजाणू सुमारे २ ते ३ मायक्रॉन व्यासाचे असून कुजका पालापाचोळा, खताचे ढीग, दमट धान्य यांतून ते हवेत मिसळतात व प्रत्येकाच्या श्वासात रोज जातात. म्हणून थुंकीत बुरशी सापडली एवढ्यावरून रोगनिदान होत नाही. रक्ततपासणीचे महत्त्व येथूनच सुरू होते.

वंशाचे नाव फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर आंतॉन्यो मीकेली यांनी १७२९ मध्ये दिले. बीजाणूंचा झुपका चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा दिसतो, त्यावरून ते आले. मानवी फुप्फुसातील पहिली नोंद कोणाची, याविषयी एकमत नाही. एडिंबरोचे जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४२ मध्ये एका क्षयरुग्णाच्या फुप्फुसातील कवकाचे वर्णन केले, परंतु त्यावरून कवकाची ओळख निःसंशय पटवणे अवघड आहे. काही लेखक १८४७ मधील स्लायटर यांच्या बर्लिन येथील प्रबंधाला अग्रमान देतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ मध्ये सूक्ष्मदर्शकीय तपशिलासह दिलेले वर्णन मात्र वादातीत असल्याने इतिहासाचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्युमिगेटस हे जातिनाम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेझेनिउस यांनी १८६३ मध्ये योजले, आणि तेही पक्ष्याच्या श्वसनमार्गातील कवकाच्या अभ्यासातून.

विकाराची दोन रूपे दर्शकांच्या दृष्टीने वेगळी ठेवावी लागतात. पहिले रूप क्षयानंतर उरलेल्या पोकळीत वाढणाऱ्या कवकाचे. उपचार पूर्ण होऊन काही वर्षे लोटल्यावर रुग्णाला खोकल्यातून रक्त पडू लागते. एक्स-रेमध्ये पोकळीत एक गोळा आणि त्याच्या वर चंद्रकोरीसारखी हवेची पट्टी दिसते. रुग्ण कुशीवर वळला की गोळाही जागा बदलतो. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरी एक्स-रे खराब आहे म्हणून क्षयाचे औषध पुन्हा सुरू होणे ही भारतातील नित्याची चूक आहे. ब्रिटिश ट्युबरक्युलोसिस असोसिएशनने अडीच सेंटिमीटर वा त्याहून मोठी पोकळी उरलेल्या ५४४ रुग्णांची पाहणी केली (अहवाल १९६८ व १९७०). त्यांपैकी २५ टक्के रुग्णांच्या रक्तरसात ॲस्परजिलसविरोधी अवक्षेपक (प्रतिजनाशी मिळून साका बनवणारे) प्रतिपिंड आढळले आणि पुढील काही वर्षांत हे प्रमाण ३४ टक्क्यांवर गेले. भारतात या विकाराचे सुमारे २.९ लाख रुग्ण असावेत, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला. तो प्रत्यक्ष मोजणीवर नव्हे तर गणितावर आधारलेला असल्याने बेतानेच वापरावा.

अवक्षेपकांची जुनी चाचणी आजही समजून घेण्याजोगी आहे. आगराच्या पातळ थरात दोन खळगे पाडून एकात कवकाचा अर्क व दुसऱ्यात रुग्णाचा रक्तरस घालतात. दोन्ही द्रव एकमेकांकडे झिरपतात आणि योग्य प्रमाणात भेटले तर तेथे पांढुरकी रेघ उमटते. ती उमटण्यास काही दिवस लागत आणि रेघ आहे की नाही हे पाहणाऱ्याच्या नजरेवर राही. तिची जागा आता आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या संख्यात्मक मापनाने घेतली आहे. त्यातील सीमारेषा सर्वत्र एक नाही. युरोपात बराच काळ प्रतिलिटर ४० मिलिग्रॅम ही मर्यादा वापरात होती, तर चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील २०१८ च्या अभ्यासात सुमारे २७ ही मर्यादा अधिक योग्य ठरली. ज्या लोकसमूहात चाचणी वापरायची त्यातच मर्यादा ठरवणे बरे, हे मत ग्राह्य दिसते. २०१६ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनुसार प्रतिपिंडांच्या जोडीला एक्स-रे वा सीटी स्कॅनवरील पोकळी आणि किमान तीन महिन्यांचा आजार आवश्यक आहे.

दुसरे रूप ॲलर्जीचे. हिन्सन, मून व प्लमर यांनी १९५२ मध्ये ते इंग्लंडमध्ये वर्णिले. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांत कवक राहते, ऊतींत शिरत नाही, पण शरीर त्याविरुद्ध आयजीई या ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडांचा पूर आणते. रुग्ण कधी तपकिरी, चिकट बेडक्याचे श्वासनलिकेच्या आकाराचे तुकडे खोकून काढतो. येथील मुख्य दर्शक एकूण आयजीई हेच आहे, आणि त्याच्या मर्यादेचा घोळ बराचसा एककांचा आहे. आयजीईचे एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे २.४ नॅनोग्रॅम. जुन्या अमेरिकी निकषांतील मिलिलिटरमागे १,००० नॅनोग्रॅम म्हणजे केवळ ४१७ एकके होतात. पुढे २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी १,००० एकके, म्हणजे २,४०० नॅनोग्रॅम, ही मर्यादा घेतली. दोन्हीकडे आकडा हजारच असल्याने प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एकक पाहिले नाही तर रुग्ण निकषांच्या आत की बाहेर हेच उलटे ठरते. २०२४ च्या सुधारित निकषांत ही मर्यादा ५०० एककांवर आली, ती जुन्या आकड्याच्या बरीच जवळ आहे. तिच्या जोडीला ॲ. फ्युमिगेटसविरोधी विशिष्ट आयजीई मिलिलिटरमागे ०.३५ एकक वा अधिक हवे. रक्तातील इऑसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या मायक्रोलिटरमागे ५०० वा अधिक असणे हा पूरक पुरावा होय.

पूरक एवढ्यासाठी की इऑसिनोफिल अनेक कारणांनी वाढतात आणि स्टिरॉइड सुरू होताच काही तासांत घटतात, त्यामुळे उपचारानंतर काढलेला आकडा फसवा असतो. जंतांचा प्रादुर्भावही एकूण आयजीई वाढवतो. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत सूक्ष्मकृमींमुळे होणारा फुप्फुसविकार आयजीई व इऑसिनोफिल दोन्ही फार वर नेतो, म्हणून तेथे विशिष्ट आयजीईशिवाय निदान करू नये. उपचारांचा परिणाम पाहताना मात्र एकूण आयजीईच उपयोगी ठरते. पातळी किमान २० टक्क्यांनी उतरली तर प्रतिसाद मानतात आणि मूळ पातळीपेक्षा ५० टक्के वा अधिक वाढ लक्षणांसह झाली तर रोग पुन्हा उसळला असे समजतात. ती सामान्य पातळीवर येण्याची वाट पाहत औषध लांबवणे अनाठायी होय.

प्रतिजन शोधणाऱ्या चाचण्यांना जुनाट विकारांत दुय्यम स्थान आहे. कवकाच्या पेशीभित्तीतील गॅलॅक्टोमॅनन ही शर्करा उंदरापासून मिळवलेल्या एकक्लोनी (एकाच पेशीच्या वंशातून बनवलेल्या) प्रतिपिंडाने ओळखतात व रक्तरसातील ०.५ हा निर्देशांक सामान्यतः सीमा मानतात. रक्तपेशींच्या कर्करोगाच्या रुग्णांत ही चाचणी चांगली चालते. क्षयानंतरच्या पोकळीत कवक बहुधा रक्तवाहिन्यांत शिरत नाही आणि प्रतिजनाला अडवणारे मुबलक प्रतिपिंडही असतात, त्यामुळे रक्तात प्रतिजन फारसा सापडत नाही. दुर्बिणीने श्वासनलिका धुऊन घेतलेल्या द्रवात तो अधिक मिळतो. बीटा-डी-ग्लुकन या कवकाच्या पेशीभित्तीतील दुसऱ्या शर्करेची चाचणी हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींच्या अर्कावर आधारलेली आहे. ग्लुकनचा स्पर्श होताच हा अर्क गोठतो. ही चाचणी कवकाची जाती सांगत नाही, म्यूकर या वेगळ्या कवकांच्या गटाला बहुधा ओळखत नाही आणि डायलिसिसचे सेल्युलोज पडदे वा शस्त्रक्रियेची जाळीची पट्टी यांमुळेही सकारात्मक येऊ शकते.

सीओपीडीत स्टिरॉइडवर असलेल्या रुग्णांना ॲस्परजिलसचा आक्रमक संसर्ग होऊ शकतो, तेथेही रक्तातील गॅलॅक्टोमॅननची संवेदनशीलता कमीच आढळली आहे. ॲ. फ्लेव्हससारख्या इतर जातींबाबत अडचण वेगळी आहे. बाजारातील बहुतेक प्रतिपिंड-संच ॲ. फ्युमिगेटसच्या अर्कावर बेतलेले असल्याने या जातींचा संसर्ग असूनही आकडा मर्यादेखाली राहू शकतो.