नो-हिटर की परफेक्ट गेम? १९१७ च्या एका सामन्याचा घोळ

क्रिकेटवर वाढलेला माणूस बेसबॉलच्या जुन्या नोंदी चाळू लागला की एका ठिकाणी हमखास अडखळतो. एका सामन्यापुढे ‘नो-हिटर’ लिहिलेलं, दुसऱ्यापुढे ‘परफेक्ट गेम’, आणि हिटच्या रकान्यात दोन्हीकडे शून्य. (हिट म्हणजे नुसता बॅटला लागलेला चेंडू नव्हे; चेंडू मारून बॅटरने फिल्डरच्या चुकीशिवाय बेस गाठला, तर ती हिट.)

नो-हिटरमध्ये हिशेब फक्त हिटचा. किमान नऊ इनिंग झाल्या आणि सामना संपेपर्यंत एकही हिट बसली नाही, की काम झालं. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर टाकून (असा चेंडू म्हणजे ‘बॉल’) बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट दिला (याला वॉक म्हणतात), फिल्डरने झेल सोडला, चेंडू बॅटरच्या अंगावर आदळला, सगळं माफ. लेग-बाय गेले तरी ओव्हर मेडनच राहते, तसाच प्रकार. नो-हिटर टाकूनही पिचर सामना हरू शकतो.

परफेक्ट गेममध्ये माफी नाही. समोरचा एकही बॅटर कुठल्याही वाटेने बेसवर पोचता कामा नये: नऊ इनिंग, दर इनिंगला तीन आउट, म्हणजे २७ आले, २७ गेले. म्हणजे प्रत्येक परफेक्ट गेम हा नो-हिटर असतोच, उलट मात्र नाही. शिवाय तो एकट्या पिचरच्या हातात नसतो. २ ऑक्टोबर १९०८ ला क्लीव्हलँडच्या अ‍ॅडी जॉसने शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. शेवटच्या बॅटरने मारलेला चेंडू थर्ड बेसमनने अडवून फेकला, तो नेमका खाली राहिला. फर्स्ट बेसवरच्या जॉर्ज स्टोव्हॉलने तो कसाबसा उचलला म्हणून निभावलं. तो सुटला असता तर चूक फिल्डरांची, पण परफेक्ट गेम जॉसचा गेला असता. नो-हिटर तेवढा शाबूत. (समोरच्या एड वॉल्शने त्याच दिवशी १५ स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे १५ जणांना तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलं) आणि तरी तो १-० असा हरला. बिचारा.)

आता घोळाचा सामना. २३ जून १९१७, बॉस्टनचं फेनवे पार्क, रेड सॉक्स विरुद्ध वॉशिंग्टन. बॉस्टनचा पिचर होता बेब रूथ. होम रनवाला म्हणून जग ज्याला ओळखतं तोच, पण तेव्हा डावखुरा पिचर. पहिल्याच बॅटरला, रे मॉर्गनला, वॉक मिळाला. रूथने अंपायर ब्रिक ओवेन्सशी चेंडू ‘बॉल’ की ‘स्ट्राइक’ (पट्ट्यातला), यावरून हुज्जत घातली, ओवेन्सने त्याला बाहेर काढलं, तेव्हा गडी थेट अंपायरच्या अंगावर धावून गेला आणि त्याने ठोसा लगावला. कॅचरचीही (बेसबॉलचा विकेटकीपर म्हणा) हकालपट्टी झाली.

घाईघाईत एर्नी शोअर पिचिंगला आला. मॉर्गन दुसरा बेस चोरायला, म्हणजे कुणी चेंडू मारायची वाट न पाहता तिकडे धावायला, निघाला आणि आउट झाला. त्यानंतर शोअरने ओळीने २६ बॅटर परतवले. बॉस्टन ४-० ने जिंकलं. सगळे २७ आउट शोअर पिचिंग करत असतानाच झाले आणि त्याच्यासमोर एकही जण बेसवर पोचला नाही, म्हणून पुढची कित्येक दशकं हा सामना परफेक्ट गेम म्हणून मिरवला.

१९९१ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) समितीने व्याख्या घट्ट केल्या आणि शोअरचं नाव त्या यादीतून गेलं. शोअरबद्दल वाईट वाटतं, पण मला निर्णय पटतो. पिचरने किती अचूक काम केलं, हा इथे प्रश्नच नाही. समोरच्या संघातलं कुणी बेसवर पोचलं का, एवढंच पाहायचं. मॉर्गन पोचला होता.

आता या सामन्याची नोंद रूथ आणि शोअर यांचा संयुक्त नो-हिटर अशी होते. खटकतं ते हे. एकालाही आउट न करता तंबूत गेलेला रूथ इथे बरोबरीचा भागीदार ठरतो. त्या दिवसाची त्याची बाकीची कमाई म्हणजे दहा दिवसांची बंदी आणि १०० डॉलर दंड.