डोलकाठ्या पाठवायच्या राहिलेल्या नाहीत! (‘मॅग्डाला’ किटसोबतचं माहितीपत्रक)

‘मॅग्डाला’ या युद्धनौकेच्या पुठ्ठ्याच्या मॉडेलचा डबा उघडला की निम्मे ग्राहक आम्हाला एकच फोन करतात: “अहो, शिडं नि डोलकाठ्या पाठवायच्या राहिल्या वाटतं!” राहिल्या नाहीत. या जहाजाला कायमच्या डोलकाठ्या नव्हत्याच, आणि आमच्या मते हीच त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी हे पत्रक वाचा.

‘मॅग्डाला’ मुंबईची. बांधली लंडनला थेम्सकाठी, थेम्स आयर्नवर्क्सच्या कारखान्यात, पण मुंबई बंदराच्या रक्षणासाठी. 1863 साली जुनं भारतीय आरमार मोडीत निघालं होतं आणि बंदराला स्वतःची लढाऊ जहाजं उरली नव्हती. त्याआधी पन्नासेक वर्षं याच मुंबईत वाडिया मंडळींनी सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी युद्धनौका बांधल्या होत्या. त्यांतली 1817 ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. लोखंडाचा जमाना आला आणि मुंबईच्या रक्षणाचं जहाज उलट लंडनहून मागवावं लागलं.

नाव इथिओपियातल्या मॅग्डाला गडाचं. 1868 मध्ये मुंबई लष्कराचे सेनापती रॉबर्ट नेपियर यांनी सम्राट तेवोद्रोसचा हा डोंगरी गड घेतला. जोडीच्या जहाजाचं नाव ‘ॲबिसिनिया’ (इथिओपियाचं जुनं नाव), तेही त्याच मोहिमेवरून. ते जरा लहान आणि स्वस्तात बांधलेलं. त्याचं किट आम्ही अजून केलेलं नाही, विचारू नका.

आता मुद्द्याचं. जुन्या जहाजांवर तोफा दोन्ही कुशींना ओळीनं असत. नेम धरायचा तर अख्खं जहाज वळवा. आंग्र्यांच्या गुराब जातीच्या लढाऊ जहाजांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाशी, पुढे मारा करणाऱ्या तोफा असत, पण त्यांनाही नेमासाठी गुराबच वळवावी लागे. टरेट म्हणजे फिरता बुरूज: जहाज जाऊ दे कुठंही, तोफ वळते हवी तिकडे. अमेरिकेत एरिक्सन नावाच्या अभियंत्यानं ‘मॉनिटर’ या युद्धनौकेवर असा बुरूज बसवला आणि 1862 च्या मार्चमध्ये हॅम्प्टन रोड्सच्या लढाईनं सगळ्या जगाला तो दाखवला. त्याचा बुरूज मधल्या दांड्यावर फिरे, फिरवण्याआधी उचलावा लागे. इंग्लंडच्या कॅप्टन कोल्सनं बुरुजाच्या कडेखाली गोल रुळावर चाकं बसवली. ‘मॅग्डाला’वर ही कोल्सची पद्धत आहे. असे दोन बुरूज, एक पुढे आणि एक मागे, प्रत्येकात दोन तोफा.

पण फिरत्या बुरुजाला मोकळं आकाश लागतं. डोलकाठ्या, दोर, शिडं आडवी आली की तोफ कुठं मारणार? शिवाय बुरूज भयंकर जड. तो उंचावर ठेवला तर जहाज डोलतं, म्हणून डेक पाण्यालगत आणावा लागतो. अशा बुटक्या जहाजावर उंच शिडं चढवणं धोक्याचं, असं आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड सांगत होते. कोल्सना मात्र शिडंही हवी होती. त्यांच्या आग्रहानं ‘कॅप्टन’ नावाचं जहाज झालं. 7 सप्टेंबर 1870 ला, मध्यरात्र उलटल्यावर, स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात ते उलटलं. पाचशेच्या आसपास माणसं गेली, खुद्द कोल्सही त्यात. तेव्हा रीड यांच्या आराखड्याची ‘मॅग्डाला’ लंडनमध्ये जवळपास तयार होती, शिडांशिवाय.

(चोखंदळ ग्राहकांसाठी: मुंबईपर्यंतच्या प्रवासासाठी तिला तात्पुरत्या तीन डोलकाठ्या लावल्या होत्या. कुणाला तो प्रवास करायचाच असेल, तर उदबत्तीच्या काड्या घ्या.)

डेक पाण्यालगत असला की लाटा सरळ आत येतात. यावर रीड यांचा उपाय म्हणजे डेकच्या मधोमध उभा केलेला चिलखती (जाड लोखंडी पत्र्याचा) कोट, म्हणजे तटबंदी. दोन्ही बुरुजांचे पाय, धुराडं आणि आत उतरायच्या वाटा सगळ्या या कोटाच्या आत. किटमधला भाग क्र. 4 तो हाच. तो उलटा चिकटवला तर धुराडं बसत नाही. ही चूक आमच्याकडूनही झाली आहे.

प्रमाण 1:200. मूळ लांबी 225 फूट, म्हणून मॉडेल साधारण 34 सेंटिमीटर. रुंदी 45 फूट, म्हणजे जेमतेम 7. पाण्याखालचा भाग दिलेला नाही, मॉडेल टेबलावर ठेवायचं आहे. एका ग्राहकाच्या चिरंजीवांनी ते बादलीत सोडलं. पुठ्ठा फुगला. दिवाळीच्या किल्ल्यापुढे निळ्या कागदाचा समुद्र करून ठेवा, शोभून दिसतं.

बुरुजाची पट्टी सव्वा मिलिमीटर जाडीची का, हा चांगला प्रश्न आहे. खऱ्या बुरुजाचं चिलखत तोफेच्या बाजूला 10 इंच होतं, बाकी बाजूंना 9. दोनशेनं भागलं की दहा इंचांचा सव्वा मिलिमीटर होतो. नवासाठी वेगळा पुठ्ठा आम्ही घेतला नाही. तोफेच्या नळीचा व्यासही 10 इंचच, सुमारे 400 पौंडाचा गोळा फेकणारा. म्हणजे तोफेचं तोंड जेवढं, तेवढीच समोरची भिंत!

बुरुजाला फेव्हिकॉल लावू नका. कडेखाली मेणबत्तीचं मेण चोळा आणि नुसता ठेवा, बोटानं फिरला पाहिजे. याच वर्गातल्या ‘सर्बेरस’वरही माणसं हातानंच बुरूज फिरवत. ती बहीण मेलबर्नला गेली. 1926 मध्ये ब्लॅक रॉकजवळ लाटा अडवायला बुडवली, आणि गंजलेली का होईना, अजून तिथं आहे. आपली ‘मॅग्डाला’ 1904 मध्ये भंगारात विकली गेली. तोवर ती मुंबईतच राहिली, नेमबाजीच्या सरावाला तेवढी बाहेर पडे.

तोफांच्या नळ्यांचे दोन संच दिलेत, चुकून जास्त आलेले नाहीत. आखूड, जाड्या नळ्या सुरुवातीच्या. दारूगोळा तोंडातून भरायचा. लांब, बारीक नळ्या 1892 पासूनच्या 8 इंची. त्या मागून भरत. एकच संच लावा आणि नावाच्या पट्टीवर त्याप्रमाणे साल घाला: 1871 किंवा 1892. पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. तीही राहिलेली नाही.