भविष्यकथनविषयक कायदे, ऑस्ट्रेलियन वसाहतींतील

ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतींत एकोणिसाव्या शतकापासून भविष्य सांगणे हा शिक्षापात्र गुन्हा मानला जाई. हस्तसामुद्रिक, पत्ते, चहाच्या कपातील चोथा, कुंडली असे सर्व प्रकार त्यात येत. गुन्ह्याची जागा धर्मविषयक कायद्यात नव्हती. ती मुख्यतः भटक्या व निरुद्योगी लोकांवरील कायद्यात होती.

उगमाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार मूळ इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या ‘इजिप्शियन’ म्हणजे रोमा (जिप्सी) या भटक्या लोकांविरुद्धच्या कायद्यात आहे. त्याचे वर्ष बहुधा १५३०, क्वचित १५३१ असे देतात. तळहात पाहून स्त्रीपुरुषांना लुबाडल्याचा आरोप त्यात या लोकांवर आहे. हाच धागा इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेपणाच्या कायद्यातील चौथ्या कलमात येतो. ‘हस्तसामुद्रिकाने वा अन्य प्रकारे’ भविष्य सांगून प्रजाजनांना फसविणारा तेथे ‘लुच्चा व भटक्या’ ठरतो आणि तीन महिन्यांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र होतो. दुसरे मत १७३५ च्या चेटूक कायद्याकडे बोट दाखवते. तो २४ जून १७३६ पासून अंमलात आला; तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदले आणि कायद्याचा सन ज्यावरून धरत त्या संसदेच्या अधिवेशनाच्या आरंभी जुने वर्ष चालू होते, म्हणून दोन्ही सन आढळतात. या कायद्याने चेटकाचे अस्तित्वच नाकारले आणि चेटकाच्या बतावणीला एक वर्षाची कैद ठेवली. वसाहतींपुरते पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. न्यू साउथ वेल्सने १८३५ मध्ये केलेला भटकेपणाचा कायदा १८२४ च्याच साच्यातला आहे. अपवाद क्वीन्सलंडचा. तेथील सरन्यायाधीश सॅम्युअल ग्रिफिथ यांनी सिद्ध केलेल्या १८९९ च्या फौजदारी संहितेचे कलम ४३२ चेटूक कायद्याची शब्दरचना जवळजवळ तशीच उचलते. गूढविद्येने चोरीचा माल शोधून देण्याची बतावणीही त्यात आहे.

खरा कायदेशीर पेच ‘फसविण्यासाठी’ या शब्दांचा होता. सांगणाऱ्याचा स्वतःच्या विद्येवर प्रामाणिक विश्वास असेल तर गुन्हा घडतो का? पेनी विरुद्ध हॅन्सन (१८८७) या खटल्यात जन्मवेळ व ग्रहस्थिती यांवरून भविष्य कळते असा ज्योतिषाचा विश्वास असूच शकत नाही, असे इंग्लिश न्यायालयाने गृहीत धरले. डेव्हिस विरुद्ध करी (१९१८) मध्ये हेतूला महत्त्व मिळाले, पण स्टोनहाऊस विरुद्ध मॅसन (१९२१) मध्ये फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, असे ठरले. वसाहतींतील न्यायाधीशांची नजर इंग्लिश निर्णयांकडेच असे, म्हणून हा वाद तेथेही महत्त्वाचा ठरतो. श्रद्धेचा बचाव असा बंद करणे आरोपींवर उघड अन्याय करणारे होते.

अंमलबजावणी एकसारखी नव्हती. वृत्तपत्रांत भविष्यवेत्त्यांच्या जाहिराती येत असतानाच अधूनमधून धरपकड होई. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलीस स्त्रियांना गिऱ्हाईक म्हणून पाठवीत आणि त्यांची साक्ष घेत. आरोपीही बहुतांशी स्त्रियाच असत. घर चालविण्याची दुसरी साधने थोडी असलेल्यांवरच हा कायदा अधिक चालला, हे लक्षात घेतले पाहिजे.

संघराज्य झाल्यावरही (१९०१) हा विषय राज्यांकडेच राहिला. क्वीन्सलंडचे कलम २००० मध्ये, तर व्हिक्टोरियाची तरतूद २००५ मध्ये रद्द झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९५३ च्या कायद्यात मात्र लुबाडण्याचा हेतू हा गुन्ह्याचा आवश्यक घटक आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या दंडसंहितेत (१८६०) भविष्यकथनाचे स्वतंत्र कलम नव्हते. फसवणुकीची सर्वसाधारण कलमे होती. तरी भटकेपणाच्या कायद्यामागची दृष्टी मुंबई राज्याच्या १९५९ च्या भीक प्रतिबंधक अधिनियमात दिसते. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे किंवा भविष्य सांगणे या निमित्ताने भिक्षा घेणे त्याच्या व्याख्येत बसते. त्यामुळे पिंगळा आणि कुडमुडे जोशी यांची पिढीजात फेरी या व्याख्येत येऊ शकते.