नदीकाठ आणि तलावकाठ विकासाच्या आराखड्यावर हरकत कशी नोंदवावी : नागपूरकरांसाठी पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

नाग, पिवळी आणि पोरा या तीन नद्यांचे काठ असोत, की अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव या तलावांचा परिसर असो, तेथील जमिनीच्या वापरात बदल करणारा प्रस्ताव कायद्याच्या वाटेने आला, तर त्यावर लेखी म्हणणे मांडण्याचा अधिकार नागरिकांना आहे. हा अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने दिलेला आहे. तरीही दर वेळी असंख्य हरकती मुदतीनंतर आल्या, त्यांत जागेचा बोध होत नाही किंवा अर्जदार सुनावणीस हजर नव्हता, अशा शेऱ्यांसह निकाली निघतात. हरकतीतील मुद्दा खरा असतो आणि कागद अपुरा असतो, म्हणून हे लिहावे लागत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवून घेतली जाणारी सल्लामसलत बैठक आणि कायद्यानुसार हरकती व सूचना मागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीत तुम्ही पोटतिडकीने बोललात, अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि वहीत नाव लिहून घेतले, तरी त्यातून कायदेशीर हरकत दाखल होत नाही. राजपत्रात सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर, सूचनेतच दिलेल्या पत्त्यावर आणि मुदतीत पोहोचलेला लेखी अर्ज हाच हरकत म्हणून गणला जातो. बैठकीस जरूर जावे, इतिवृत्ताची प्रत मागावी आणि पुढे ती हरकतीला जोडावी; मात्र बैठकीत बोलून झाले म्हणून अर्ज करण्याचे टाळू नये.

सूचना कोणत्या कलमाखाली निघाली आहे, हे पहिल्या परिच्छेदातच पाहून घ्यावे. संपूर्ण शहराची प्रारूप विकास योजना असेल, तर ती कलम २६ खाली प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी राजपत्रातील सूचनेच्या दिनांकापासून ३० दिवस मिळतात. मंजूर योजनेत एखादा फेरबदल असेल, उदाहरणार्थ हरित पट्ट्यातील जागा वाणिज्य वापरात घेणे किंवा काठालगत नवा रस्ता दाखवणे, तर सूचना कलम ३७ खाली निघते आणि मुदत एक महिन्याची असते.

सर्वाधिक अर्ज या मुदतीपाशीच अडतात. वर्तमानपत्रातील जाहिरात अनेकदा राजपत्रानंतर काही दिवसांनी येते आणि वाचणारा माणूस स्वाभाविकपणे जाहिरातीच्या तारखेपासून दिवस मोजू लागतो. जाहिरात ज्या दिवशी हाती आली, त्याच दिवशी महाराष्ट्र शासन राजपत्राच्या संकेतस्थळावर जाऊन, विशेषतः नागपूर विभागीय पुरवणीत, मूळ सूचना शोधावी आणि तिच्यावरील दिनांक कॅलेंडरवर लिहून ठेवावा. शेवटचा दिवस सुटीचा आला, तर पुढील कामाच्या दिवशी अर्ज देता येतो, असा सर्वसाधारण कायदा आहे. पण खिडकीवरील कर्मचाऱ्याशी कायद्याचा वाद घालण्याची वेळ स्वतःवर आणू नये. मुदतीचा शेवटचा आठवडा सुरू होण्यापूर्वीच अर्ज आवक झालेला असावा.

याच कारणासाठी माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. त्या अर्जालाही उत्तर देण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, म्हणजे नकाशा हातात पडेपर्यंत हरकतीची वेळ निघून गेलेली असते. शिवाय त्याची गरजही नाही. प्रारूप योजनेची प्रत लोकांना कोठे पाहता येईल हे सूचनेत नमूद करणे आणि प्रमाणित प्रती किंवा उतारे वाजवी किमतीत उपलब्ध करून देणे, हे कलम २६ नेच नियोजन प्राधिकरणावर, म्हणजे योजना तयार करणाऱ्या संस्थेवर, बंधनकारक केले आहे. “नकाशा फक्त बघा, प्रत मिळणार नाही” असे उत्तर मिळाले, तर तेथेच त्या कलमाचा उल्लेख करून प्रतीसाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जो नकाशा नागरिकाच्या हाती दिला जात नाही, त्यावर त्याने नेमके म्हणणे मांडावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आता पात्रतेविषयी. हरकत नोंदवण्यासाठी जमिनीचा मालक असावे लागते, हा समज इतका घट्ट बसला आहे की काठावरच्या वस्त्यांतील माणसे अर्जापर्यंत येतच नाहीत. कलम ३७ मध्ये “कोणत्याही व्यक्तीकडून” हरकती व सूचना मागवण्याची तरतूद आहे आणि कलम २६ खालील हरकतींनाही मालकीची अट नाही. नदीकाठच्या झोपडपट्टीत राहणारे कुटुंब, पट्टा न मिळालेला रहिवासी, भाडेकरू, तलावावर मासेमारी करणारे धीवर व भोई बांधव, फुटाळ्याच्या काठावर हातगाडी लावणारा विक्रेता, रोज फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक, या सर्वांना अर्ज करता येतो. आखीव पत्रिका (जागेचे मालमत्ता पत्रक) नाही म्हणून अर्ज घेणार नाही, असे कोणी म्हटले, तर ते कायद्याला धरून नाही. हरकत हा मालकीचा दावा नसतो, तर त्या जागेचे काय होणार आहे याविषयीचे ते म्हणणे असते.

मालकीचा पुरावा लागत नसला, तरी तुमचा त्या जागेशी संबंध दाखवणारा एखादा कागद जोडला की म्हणण्याला वजन येते. घरमालकाने आखीव पत्रिका किंवा सातबारा, नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) दिलेले आर.एल. पत्र, म्हणजे भूखंड नियमित केल्याचे पत्र, असल्यास ते, आणि मालमत्ता कराची पावती जोडावी. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांनी वीज देयक, मतदार यादीतील नोंद किंवा शिधापत्रिका जोडली तरी चालते. मच्छीमार संस्थेने नोंदणी प्रमाणपत्र आणि तलावाच्या ठेक्याचा करारनामा द्यावा. विक्रेत्यांची अडचण वेगळी आहे. विक्री प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते बहुतेकांकडे नसते. अशा वेळी पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची पावती किंवा महापालिकेने पूर्वी फाडलेल्या दंडाच्या पावत्या जोडाव्यात, कारण तुम्ही त्या जागी व्यवसाय करत होता हे त्यांवरून दिसते. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, याचाही उल्लेख हरकतीत करावा.

कलम ३७ च्या प्रकरणांत बाधित व्यक्तींना स्वतंत्र नोटीस द्यावी लागते, पण ती अभिलेखातील नावाने आणि पत्त्यावर जाते. वडिलांच्या निधनानंतर वारसांनी फेरफार करून घेतला नसेल, तर नोटीस दिवंगत वडिलांच्या नावाने निघते आणि घरात कोणालाच कळत नाही. हे नदीकाठच्या जुन्या वस्त्यांत फार घडते. फेरफार प्रलंबित असला, तरी वारसाने स्वतःच्या नावाने हरकत द्यावी आणि मृत्यू प्रमाणपत्राची प्रत जोडावी.

अर्जाच्या मजकुराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. “नदीकाठाच्या सुशोभीकरणास आमचा तीव्र विरोध आहे” या वाक्यावर हरकती ऐकणाऱ्या समितीला काहीही करता येत नाही. त्याऐवजी मौजा, खसरा क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक, नकाशावरील आरक्षण क्रमांक लिहावा आणि मग म्हणावे : “या ठिकाणी दाखवलेला रस्ता नाल्याच्या मुखावरून जातो. पावसाळ्यात या मुखातून आमच्या गल्लीचे पाणी नदीत उतरते. रस्ता येथून वळवावा किंवा पाण्याच्या वाटेसाठी पुरेसा पूल दाखवावा.” जागा, परिणाम आणि मागणी या तिन्ही गोष्टी आल्या की उत्तर देणे भाग पडते. खसरा क्रमांक सापडत नसेल, तर मोबाइलवरील नकाशात जागेवर खूण करून त्याची छापील प्रत जोडावी आणि जवळचा पूल किंवा मंदिर यांचा उल्लेख करावा.

पुराविषयी हरकत घेणाऱ्यांनी पुरावा हाताशी ठेवावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचे पाणी ओसंडले आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घराघरांत शिरले. त्या वेळचे पंचनामे महसूल यंत्रणेने केलेले आहेत. तुमच्या घराच्या पंचनाम्याची प्रत, भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे टेप लावून काढलेले छायाचित्र आणि जमिनीपासूनची उंची, एवढे दिले तरी ते भाषणापेक्षा जास्त काम करते. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा दाखवली आहे का, तेही पाहावे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दर्शवते, आणि निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम प्रतिबंधित असते. रेषा दाखवलेल्या नसतील, तर तीच एक स्वतंत्र हरकत होऊ शकते, कारण पूरनियंत्रण आणि नदी प्रदूषण रोखण्याचे प्रस्ताव हे कलम २२ प्रमाणे विकास योजनेचे विषय आहेत.

एकाच छापील मजकुराखाली शेकडो सह्या घेण्याची पद्धत आहे. असा अर्ज बहुधा एकच हरकत म्हणून नोंदला जातो आणि सुनावणीची सूचना पहिल्या सहीच्या माणसाला जाते. त्यामुळे प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र अर्ज द्यावा आणि त्यात स्वतःच्या घराविषयी दोन ओळी तरी वेगळ्या लिहाव्यात.

अर्ज सूचना काढणाऱ्या प्राधिकरणाकडेच द्यावा. शहरात महापालिका व नासुप्र आणि शहराबाहेर नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) अशी वाटणी असल्याने झोन कार्यालयात दिलेला अर्ज योग्य टेबलापर्यंत मुदतीत पोहोचेल याची खात्री नसते. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. टपालाने पाठवल्यास पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टने पाठवावे. ईमेलचा पर्याय सूचनेत दिला असेल तरच त्यावर विसंबावे.

सुनावणीचे पत्र कधीकधी अगदी एक-दोन दिवस आधी हाती येते, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला त्याच दिवशी खाडा करून यावे लागते. ही पद्धत बदलली पाहिजे. तोपर्यंत अर्जावर दोन मोबाइल क्रमांक द्यावेत आणि स्वतः जाता येणार नसेल, तर साध्या कागदावर अधिकारपत्र लिहून घरातील किंवा वस्तीतील माणसाला पाठवावे. विकास योजनेच्या बाबतीत ऐकणारी नियोजन समिती कलम २८ खाली असते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यांच्यासमोर वेळ थोडा मिळतो, म्हणून मागणी आधी सांगावी आणि कारण नंतर सांगावे. बोललेले मुद्दे लेखी स्वरूपातही तेथेच द्यावेत.

काही कामे या प्रक्रियेत येतच नाहीत. जमिनीचा वापर न बदलता निविदा काढून होणारे पदपथ, कठडे किंवा दिवे यांसाठी हरकतींची सूचना निघत नाही. अशा वेळी आयुक्तांना लेखी निवेदन द्यावे आणि प्रकल्प अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागावी. त्या अर्जाला १० रुपयांचे शुल्क आहे. विषय एकच ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा, कारण राज्याच्या नियमांत तशी मर्यादा आहे आणि तिच्या आधारे अर्ज परत केले जातात. नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पासारखी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाहाय्याने आखलेली कामे असतील, तर बाधितांशी सल्लामसलत करावी असे त्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. निवेदनात त्यांचा उल्लेख करून बैठकीचे इतिवृत्त मागावे.

सुनावणी झाल्यावर समितीचा अहवाल प्राधिकरणाकडे आणि तेथून योजना मंजुरीसाठी शासनाकडे जाते. शासनाने तिच्यात मोठे बदल करायचे ठरवले, तर कलम ३१ खाली पुन्हा सूचना निघते आणि हरकती पुन्हा मागवल्या जातात. तुमची पहिली हरकत मान्य झाली असली, तरी या टप्प्यावर तीच जागा वेगळ्या रंगात परत येऊ शकते. त्यामुळे आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवावी आणि राजपत्राची नागपूर विभागीय पुरवणी योजना मंजूर होईपर्यंत पाहत राहावी.