रेडिओच्या चिपमध्ये दोनाचं वर्गमूळ

समजा, एक रिसीव्हर ३१५ मेगाहर्ट्झवर लावलाय. काही देशांत गाडीच्या रिमोटसाठी ही फ्रिक्वेन्सी वापरतात. शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि तो ९४५ मेगाहर्ट्झवर दणक्यात प्रक्षेपण करतोय. दोघांत ६३० मेगाहर्ट्झचं अंतर, म्हणजे एकमेकांच्या वाटेला जायचं काही कारण नाही. तरी टॉवरचा सिग्नल नेमका रिमोटच्या सिग्नलवर येऊन बसतो. ३१५ त्रिक ९४५, एवढाच त्याचा गुन्हा.

हा घोळ मिक्सर नावाच्या सर्किटात होतो. अँटेनातून आलेल्या सिग्नलला रिसीव्हर स्वतःच तयार केलेल्या लहरीने गुणतो आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सींमधला फरक तेवढा पुढे घेतो. आजच्या पुष्कळ चिपमध्ये ही लहर हव्या त्या स्टेशनच्याच फ्रिक्वेन्सीची असते, त्यामुळे सिग्नल थेट शून्याजवळ उतरतो. गुणाकार शुद्ध साइन लहरीने झाला तर तक्रारच नाही. पण ट्रान्झिस्टरकडून असा सफाईदार गुणाकार करून घेणं अवघड; त्यापेक्षा स्विचसारखी त्याची उघडझाप करणं कितीतरी सोपं, आणि त्यात खरखरही कमी. उघडझाप म्हणजे चौकोनी लहर. चौकोनी लहरीत मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिची तिप्पट एक तृतीयांश जोराने आणि पाचपट एक पंचमांश जोराने हजर असते. सम पटी समतोल रचनेत आपोआप कटतात. विषम पटी हटत नाहीत. एका किल्लीने तीन कुलपं उघडावीत तसा प्रकार. टॉवरचा सिग्नल रिमोटच्या हजारपट असेल, तर त्याचा एक तृतीयांश हा काही दिलासा नव्हे.

सरळ उपाय म्हणजे मिक्सरच्या आधी फिल्टर लावणं. जुन्या टीव्हीतला ट्यूनर पत्र्याच्या डबीत असायचा, आणि त्या डबीत वेटोळ्यांचे फिल्टरच भरलेले असायचे. चिपवर अशी धारदार, शिवाय स्टेशनबरोबर सरकणारी वेटोळी बसवायला जागा नाही.

२००१ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेफ्री वेल्डन आणि सहकाऱ्यांनी एका ट्रान्समीटर चिपमध्ये वेगळी वाट दाखवली: हार्मोनिक (म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या या पटी) गाळू नका, त्यांची वजाबाकी करा. एकाऐवजी तीन मिक्सर घ्यायचे. तिघांच्या लहरी एकमेकींपासून ४५ अंशांनी मागेपुढे ठेवायच्या आणि उत्तरं १ : √२ : १ या प्रमाणात मिळवायची.

मधल्या मिक्सरच्या जागेवरून पाहू. मूळ फ्रिक्वेन्सीसाठी दोन्ही बाजूंचे मिक्सर ४५ अंशांवर आहेत, प्रत्येकाचा ०.७०७ वाटा धरून १.४१४ होतात आणि मधल्याच्या १.४१४ मध्ये मिळतात. तिप्पट फ्रिक्वेन्सीला मात्र तेच ४५ अंश १३५ होतात. बाजूचे दोघे आता उणे १.४१४ देतात. बेरीज शून्य! पाचपटीला २२५ अंश, तिथेही शून्य. सातवा हार्मोनिक सहीसलामत सुटतो, पण तो २२०५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे इतका लांब की साधासुधा फिल्टरही त्याला पुरतो.

कागदावर सगळं चोख आहे. अडचण अशी की हे प्रमाण ठरवायला हवा तो √२ एवढा रेझिस्टर बाजारात मिळत नाही आणि चिपवरही बनत नाही. चिपवर नीट जमतं ते एकसारख्या तुकड्यांच्या प्रती काढणं, म्हणजे पूर्णांकांची गुणोत्तरं. २:३:२ घेतलं तर तिसऱ्या हार्मोनिकचा सुमारे ३४वा हिस्सा शिल्लक राहतो. ५:७:५ घेतलं तर १९८वा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात झियू रू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दोन्ही टप्पे एकापुढे एक जोडले. शिल्लक हिश्श्यांचा गुणाकार होतो, म्हणून उरतो सुमारे ६७०० वा हिस्सा. दोन टप्प्यांचं मिळून गुणोत्तर २९:४१:२९ येतं. मला यातली ही युक्ती सगळ्यात देखणी वाटते, कारण तुकडे थोडे लहानमोठे निघाले तरी त्या चुकांचाही असाच गुणाकार होऊन त्या आक्रसतात. (३/२, ७/५, १७/१२, ४१/२९ ही √२ कडे सरकणारी एकच माळ आहे. बौधायन शुल्बसूत्रातल्या √२ च्या सूत्राची पहिली तीन पदं, १ + १/३ + १/१२, मिळवली की त्यातलाच १७/१२ मिळतो.)

वेळेच्या चुकीवर मात्र हे औषध चालत नाही. ३१५ मेगाहर्ट्झला ४५ अंश म्हणजे सुमारे ४०० पिकोसेकंद. एक अंश म्हणजे जेमतेम ९. बाजूच्या एका मिक्सरची लहर एवढीशी चुकली तरी तिसऱ्या हार्मोनिकला ती चूक तीन अंशांची भासते आणि सुमारे ५४वा हिस्सा परत डोकं वर काढतो. यावरचा एक इलाज म्हणजे आठपट वेगाचं, इथे २५२० मेगाहर्ट्झचं, एकच घड्याळ ठेवून सगळ्या लहरी त्याच्याच ठोक्यावर सोडणं. त्याला वीज लागते, आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तसं बिल वाढतं. टीव्हीचा पट्टा ८६० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो असं धरलं, तर २८७ मेगाहर्ट्झच्या वरच्या चॅनेलचा तिसरा हार्मोनिक पट्ट्याबाहेर पडतो. तिथे हा सगळा खटाटोप सोडून एक साधा फिल्टर लावला तरी भागतं.