श्रवणास्थी व त्यांचे सांधे

कानाच्या पडद्यावरची कंपने अंतर्कर्णाच्या अंडाकृती खिडकीपर्यंत पोचवणारी तीन हाडांची साखळी. हाडांची नावे आकारावरून पडली : हातोडी, ऐरण व रिकीब. बेळगाव सीमाभागातल्या मराठी शाळेत ही नावे घोकली जातात, तेव्हा कन्नड शाळेत सुत्तिगे, अडिगल्लु, रिकापु असे पाठांतर चाललेले असते. रिकीब आणि रिकापु, दोन्हींचे मूळ अरबी ‘रिकाब’. घोड्यावर कुणीच न बसलेल्या मुलांना तो पायाचा आधार फळ्यावर काढूनच दाखवावा लागतो. हाडे अशी पाठ होतात. सांधे बहुधा राहून जातात, आणि बिघाड तर बऱ्याचदा तिथेच होतो.

हातोडीचा दांडा पडद्याला घट्ट चिकटलेला असतो, तिचे डोके ऐरणीवर खोगिरासारखे बसते. ऐरणीचा लांब फाटा खाली उतरून काटकोनात वळतो. त्याच्या टोकाला मसुरीच्या घाटाचा, पण मसुरीहून कितीतरी लहान उंचवटा असतो. तो रिकिबीच्या डोक्यावरच्या वाटीत बसतो. हा उखळीचा सांधा. हे दोन्ही सांधे गुडघ्याच्या जातीचे : कूर्चा, वेष्टन, आत वंगणद्रव. तिसऱ्यात पोकळीच नाही. रिकिबीचा तळ खिडकीच्या काठाला कंकणाकृती तंतुबंधाने बांधलेला असतो.

रिकीब जेमतेम ३ मिमी. उंच, वजन सुमारे ३ मिग्रॅ.; भाकरीच्या ज्वारीचा दाणाही तिच्याहून मोठा. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्र तिच्या तळाच्या सुमारे १७ पट, त्यात तरफेचा १.३ पट लाभ. त्यामुळे अंतर्कर्णातल्या द्रवावरचा दाब सुमारे २२ पट होतो. एवढा जोर नसता तर हवेतला बहुतेक आवाज द्रवावर आपटून परतला असता.

कान फुटून वर्षानुवर्षे वाहत राहिला, की ऐरणीच्या लांब फाट्याचे टोक बहुधा आधी झिजते, कारण तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. मग उखळीचा सांधा सुटतो आणि पडदा शिवूनही ऐकू कमीच येते. कर्णकाठिण्यात उलटे घडते : नवे हाड वाढून तिसरा सांधा जखडतो. यावर उपाय म्हणून १९५६ मध्ये अमेरिकी कर्णशल्यविशारद जॉन शे यांनी रिकीब काढून कृत्रिम रिकीब बसवली.

रिकिबीला ओढून धरणारा स्नायू सुमारे ६ मिमी., शरीरातला सर्वांत लहान कंकाल स्नायू. मोठ्या आवाजात तो साखळी ताठरवतो, पण बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडच्या यंत्रमागांच्या दिवसभराच्या खडखडाटापुढे त्याचे फारसे चालत नाही. अशा गोंगाटाने कान गेलेल्या विणकराच्या श्रवणास्थी मात्र शाबूत असतात. मरतात त्या अंतर्कर्णातील, ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी.