युवा जोखीम-वर्तन सर्वेक्षण
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या आरोग्यविषयक वर्तनाची माहिती सामान्यतः दर दोन वर्षांनी गोळा करणारी पाहणी. रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रे, म्हणजेच सीडीसी, ही संघीय संस्था तिचे संयोजन करते. राज्ये व काही मोठे शालेय जिल्हे, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणारे स्थानिक प्रशासकीय विभाग, स्वतंत्र पाहण्या घेतात.

पाहणीचे आरंभवर्ष दोन प्रकारे दिले जाते. कालानुक्रमी तक्ते १९९१ पासून सुरू होत असल्याने ते वर्ष अधिक रूढ आहे. तथापि १९९० मध्येच ११,६३१ विद्यार्थ्यांची राष्ट्रीय पाहणी झाली होती. पूर्वपीठिका शोधताना १९८७ मधील आठवी व दहावीच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीचा उल्लेख येतो. मात्र १९८८-८९ मधील एचआयव्हीविषयक शालेय प्रश्नावल्यांशी असलेले नाते अधिक जवळचे वाटते. सर्जन जनरल, म्हणजे संघीय सरकारचे सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख प्रवक्ते, सी. एव्हरेट कूप यांनी १९८६ च्या अहवालात शाळेतच एड्सविषयी शिकवण्याचा आग्रह धरला, जानेवारी १९८८ मध्ये सीडीसीने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि शिकवल्यानंतर विद्यार्थ्यांना काय कळते व ते कसे वागतात हे पाहणे ओघानेच आले. पुढे अपघात व हिंसा, तंबाखू, मद्य व अमली पदार्थ, आहार आणि शारीरिक निष्क्रियता हे विषय लैंगिक वर्तनाच्या जोडीला आले.

उत्तरे निनावी व ऐच्छिक असतात. पालकांच्या संमतीची रीत स्थानिक नियमांनुसार ठरते. स्वतः दिलेल्या उत्तरांवर कितपत विसंबावे, हा जुना प्रश्न आहे. त्यासाठी १९९२ व २००० मध्ये तीच प्रश्नावली सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देण्यात आली व बहुतेक प्रश्नांची उत्तरे पुरेशी स्थिर आढळली. स्थैर्य म्हणजे सत्यता नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. त्याहून गंभीर उणीव अशी की, शाळा सोडलेली मुले, ज्यांना धोका बहुधा अधिक असतो, या मोजणीत येतच नाहीत.

शाळेत एचआयव्हीविषयी शिकवले गेल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १९९१ मध्ये ८३.३ टक्के होते. ते १९९७ मध्ये ९१.५ टक्क्यांवर गेले आणि २०१३ मध्ये ८५.३ टक्क्यांवर उतरले. लैंगिक संबंध आल्याचे सांगणारे १९९१ मध्ये ५४.१ टक्के, तर २०२१ मध्ये सुमारे ३० टक्के होते. मात्र लैंगिकदृष्ट्या सक्रिय विद्यार्थ्यांत अखेरच्या संबंधावेळी निरोध वापरल्याचे प्रमाण २००३ मध्ये ६३ टक्क्यांपर्यंत चढून २०२१ मध्ये सुमारे ५२ टक्क्यांवर आले, आणि ही घसरण चिंताजनक आहे. तिचा संबंध शिक्षणातील घटीशी जोडण्याचा मोह होतो. परंतु दर वेळी वेगळे विद्यार्थी निवडले जात असल्याने अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यातच २०२१ ची पाहणी कोविडमुळे वसंताऐवजी शरद ऋतूत झाली, त्यामुळे तिची तुलना जपून करावी लागते. एचआयव्ही शिक्षणाने मुले लैंगिक संबंधांकडे लवकर वळतात, या भीतीला मात्र शिक्षणक्रमांच्या मूल्यमापनांतून आधार मिळालेला नाही.

सहावी ते आठवीसाठी वेगळी प्रश्नावली असून काही राज्ये व जिल्हे ती वापरतात. त्या वयोगटाची राष्ट्रीय पाहणी होत नाही.